वेदनेचे शमन आणि कंडरेचे संधान : प्रस्तावना

दुखणे थांबले म्हणजे दुखापत भरून आली, ही समजूत आपल्याकडे इतकी दृढमूल आहे की, तिच्याविषयी शंका काढणाऱ्यालाच औषधांचा द्वेष्टा ठरविले जाण्याचा संभव असतो. आखाड्यात खांदा दुखावलेला पैलवान, कबड्डीच्या मैदानावर घोटा मुरगळून घेतलेला खेळाडू, पंढरीच्या वाटेवर टाच धरलेला वारकरी आणि दिवसभर धुणीभांडी करून मनगट सुजलेली बाई, या सर्वांना पहिला आधार वाटतो तो कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातील गोळीचा. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही नावे आता घराघरांत मुखोद्गत झाली असून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती देणेघेणे हा जणू सर्वमान्य शिरस्ता होऊन बसला आहे. गोळी घेतली, तासाभरात ठणका उतरला, मनुष्य पुन्हा कामाला लागला. एवढ्यावर तिची कैफियत संपते. परंतु ज्या ठिकाणी इजा झाली त्या ठिकाणी, त्वचेच्या आड, जे संधानाचे कार्य नुकतेच सुरू झाले होते, त्याचे त्या गोळीने काय केले, हा प्रश्न विचारण्याची निकड कोणास भासत नाही. पुढील प्रकरणांचा विषय तोच प्रश्न आहे. आणि तो कंडरेच्या संदर्भात विचारावयाचा आहे, कारण शरीरातील फार थोड्या घटकांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर इतके महागात पडते.

स्नायू आणि अस्थी यांना जोडणारा जो चिवट, शुभ्र, तंतुमय पट्टा, तीच कंडरा होय. सुश्रुताने शारीरस्थानात कंडरांची संख्या सोळा सांगितली आहे. आजचे शारीरशास्त्र त्याहून पुष्कळ अधिक मोजते. स्नायूने आकुंचन पावून उत्पन्न केलेले बळ हाडापर्यंत पोहोचविणे हे तिचे नेमून दिलेले काम असून, टाचेच्या मागील बाजूस असणारी अकिलीस कंडरा, जी मानवी देहातील सर्वांत जाड व बळकट कंडरा मानली जाते, ती धावताना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण बिनतक्रार सोसत असते. तिच्या घडणीत कोलॅजेन नामक प्रथिनाच्या समांतर तंतूंचाच भरणा असतो. पेशी विरळ असतात आणि रक्ताचा पुरवठाही बेताचाच असतो. म्हणूनच हात कापला तर आठवड्याभरात भरून येतो आणि कंडरा दुखावली तर महिनेच्या महिने जातात.

या मंदगतीचा एक विलक्षण पुरावा एका अनपेक्षित दिशेने हाती आला. 1955 ते 1963 या काळात वातावरणात झालेल्या अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे हवेतील कार्बन-14 चे प्रमाण एकाएकी वाढले, आणि ते वनस्पतींच्या व अन्नाच्या वाटेने त्या काळी जिवंत असलेल्या प्रत्येक मनुष्याच्या देहात उतरले. पुढे हे प्रमाण उतरत गेल्याने, शरीरातील एखादा भाग केव्हा घडला हे त्यात सापडणाऱ्या कार्बनवरून ताडता येऊ लागले. या साधनाचा उपयोग करून डेन्मार्कमधील संशोधकांनी 2013 साली असे दाखवून दिले की, अकिलीस कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या सतराएक वर्षांत घडतो आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होतच नाही. स्नायूंचे प्रथिन सतत मोडत आणि घडत असते; कंडरेचा गाभा मात्र तारुण्यात मिळालेल्या भांडवलावर जन्मभर चालतो. जी वस्तू पुन्हा घडत नाही तिच्या दुरुस्तीत ढवळाढवळ करताना दुप्पट सावधगिरी बाळगणे अवश्य आहे, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि कंडरा सर्वस्वी निराधार नसते. 2007 साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत यानमिंग बी, मारियन यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनुष्याच्या व उंदराच्या कंडरांतून अशा पेशी वेगळ्या काढल्या की, ज्या स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करू शकतात आणि प्रसंगानुसार कंडरेच्या, हाडाच्या, कूर्चेच्या किंवा मेदाच्या पेशींचे रूप धारण करू शकतात. यांनाच कंडरेच्या मूलपेशी म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात स्टेम सेल हा शब्द रूढ आहे. या शोधातील मला सर्वाधिक मोलाचा वाटणारा भाग म्हणजे मूलपेशींच्या अस्तित्वाचा नव्हे, तर त्यांच्या परावलंबित्वाचा उलगडा. बायग्लायकन आणि फायब्रोमोड्युलिन ही कंडरेच्या तंतूंभोवती असणारी दोन द्रव्ये ज्या उंदरांत जन्मतःच नव्हती, त्यांच्या मूलपेशी वाट चुकल्या आणि कंडरेच्या जागी हाड तयार होऊ लागले. म्हणजे मूलपेशीने काय व्हावे हे तिच्या सभोवतालची परिस्थिती ठरविते. तिला मिळणारे रासायनिक हुकूम बदलले की तिचा व्यवसायही बदलतो. दाहशामक औषध म्हणजे त्या हुकुमांतच केलेला फेरफार होय, आणि येथेच आपल्या विषयाचे मर्म आहे.

आता थोडे औषधाविषयी. विलो वृक्षाच्या सालीने ज्वर उतरतो असे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने 1763 साली रॉयल सोसायटीला कळविले. 1897 मध्ये बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन याने शुद्ध रूपात तयार केलेले ऍस्पिरिन दोनच वर्षांत बाजारात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंडोमेथासिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी त्याची भावंडे एकामागून एक अवतरली. परंतु ही औषधे नेमके करतात काय, याचा उलगडा होण्यास 1971 साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी असे सिद्ध केले की, ऍस्पिरिन व तत्सम औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती बंद पाडतात. या कार्यासाठी त्यांना 1982 चे नोबेल पारितोषिक बर्गस्ट्रोम व सॅम्युएल्सन या स्वीडिश शास्त्रज्ञांसमवेत विभागून मिळाले. प्रोस्टाग्लँडिन घडविणारे सायक्लोऑक्सिजनेज हे विकर दोन प्रकारचे असते, हे पुढे ध्यानात आले: एक जठराच्या अस्तरासारख्या ठिकाणी नित्याचा कारभार पाहणारे, आणि दुसरे प्रायः इजा झाल्यावर निर्माण होणारे. तेव्हा केवळ दुसऱ्यालाच रोखणारी सेलेकॉक्सिब, रोफेकॉक्सिब यांसारखी औषधे मोठ्या आशेने पुढे आली, आणि त्यांपैकी रोफेकॉक्सिब हृदयविकाराचा धोका उघड झाल्याने 2004 च्या सप्टेंबरअखेर जगभरातून मागे घ्यावे लागले. आपल्याकडे जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकमुळे, त्यांची प्रेते खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन लक्षावधी गिधाडे मेली आणि 2006 साली सरकारला जनावरांसाठी त्या औषधाची मनाई करावी लागली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. औषधाचा परिणाम ज्या इंद्रियावर आपण पाहतो त्याहून तो कितीतरी दूरवर पोहोचतो, याचे याहून दारुण उदाहरण मला ठाऊक नाही.

इजा झालेल्या जागी जे प्रोस्टाग्लँडिन सर्वांत विपुल आढळते ते ई-2 होय. पूर्वीच्या काळी जासूद जसा एकाच थैलीत रयतेची फिर्याद आणि कुमक धाडण्याची विनंती अशी दोन्ही पत्रे घेऊन हुजुरात जाई, तसे या द्रव्याचे आहे: मज्जातंतूंना अधिक संवेदनशील करून वेदना जाणवून देते तेही हेच, आणि रक्तवाहिन्या रुंदावून, पेशींना पाचारण करून, दुरुस्तीच्या कामास प्रारंभ करून देते तेही हेच. गोळी त्याला वाटेतच अडविते. फिर्याद पोहोचत नाही म्हणून आपल्याला बरे वाटते, परंतु कुमकेची विनंतीही तेथेच अडकून पडते. दाह म्हणजे रोग आणि दाहाचा नाश म्हणजे आरोग्य, हे समीकरण म्हणूनच अपुरे आहे. 1999 साली डेरेक गिलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांना प्राण्यांवरील प्रयोगांत असे आढळले की, सायक्लोऑक्सिजनेजचा दुसरा प्रकार दाहाच्या आरंभी जसा प्रकट होतो तसाच दाह ओसरण्याच्या वेळीही पुन्हा प्रकट होतो, आणि त्या वेळी त्याला अडविले तर दाह रेंगाळतो. बोस्टनमधील चार्ल्स सर्हान यांच्या गटाने 2001 मध्ये याची पुढची पायरी दाखविली: ई-2 हेच काही काळाने श्वेतपेशींना आपला व्यवसाय पालटून दाह शमविणारी द्रव्ये बनविण्यास प्रवृत्त करते. ज्याने आग पेटविली त्याच्याच हाती ती विझविण्याचीही तजवीज असावी, ही निसर्गाची व्यवस्था पाहून मन थक्क होते.

मूलपेशींच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो, आणि ही गुंतागुंत लपवून वाचकाला सोपा निष्कर्ष देणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान होईल. पिट्सबर्ग विद्यापीठात जियानयिंग झांग व जेम्स वांग यांनी उंदरांना चालत्या पट्ट्यावर पळवून असे पाहिले की, अतिश्रमाने कंडरेतील ई-2 चे प्रमाण वाढते. आणि प्रयोगशाळेतील मूलपेशींवर ते अधिक मात्रेत घातले असता त्यांची वाढ मंदावून त्या मेद व अस्थी यांच्या पेशींकडे वळू लागतात. जुनाट दुखण्याच्या कंडरेत चरबीचे कण आणि कॅल्शियमचे थर का सापडतात, याचा एक धागा येथे मिळतो. एवढेच वाचणारा सहज म्हणेल की, मग तर ई-2 ला आळा घालणारी गोळी मूलपेशींची तारकच ठरावयाची. परंतु त्याच संशोधकांना 2014 मध्ये असेही दिसून आले की, अल्प मात्रेतील ई-2 चा परिणाम अधिक मात्रेतील परिणामाहून वेगळा, मूलपेशींना पोषक असा होतो. त्याच वर्षी चिनी संशोधकांनी कंडरेच्या मूलपेशींवर सेलेकॉक्सिबचा प्रयोग केला. पेशींची संख्या वाढण्यात औषधाने अडथळा आणला नाही, परंतु त्यांचे कंडरापेशींत होणारे रूपांतर मात्र त्याने दडपले. सैनिकांची भरती चालू राहिली, त्यांचे शिक्षण तेवढे तहकूब झाले, असा त्याचा अर्थ. तैवानमधील संशोधकांनी त्यापूर्वीच दाखवून दिले होते की, आयबुप्रोफेनमुळे कंडरेच्या पेशींची इजेच्या जागेकडे सरकण्याची गती मंदावते. यातील बहुतेक साक्ष काचपात्रातील आहे. काचपात्रात ना रक्ताभिसरण असते, ना चालण्याचा भार. तरीही तिचे मोल आहे, कारण प्राण्यांत जे दिसले त्याचा अर्थ तिच्यावाचून लागला नसता.

प्राण्यांवरील प्रयोगांत या प्रश्नाला जो खरा कलाटणीचा बिंदू सापडला तो म्हणजे काळ. स्वीडनमधील पेर आस्पेनबर्ग यांच्या गटाचे 2004 मधील संशोधन मी या साऱ्या वाङ्मयात अव्वल दर्जाचे समजतो. त्यांनी उंदरांची अकिलीस कंडरा छेदून त्यांना पॅरेकॉक्सिब हे औषध दिले. काहींना छेदानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत, काहींना त्यानंतर. पहिल्या दिवसांत दिलेल्या औषधाने जुळून येणारी कंडरा दुर्बल झाली, थोड्या ताणाने तुटली. तेच औषध उशिरा दिले तेव्हा मात्र जुळलेला भाग कमी जाड, पण आपल्या जाडीच्या मानाने अधिक दणकट निघाला. औषध तेच, प्राणी तोच, इजा तीच. मुदत तेवढी बदलली आणि निकाल उलटा झाला. दाहाच्या प्रारंभी ज्या द्रव्यावाचून कामाला सुरुवातच होत नाही, तेच द्रव्य पुढे रेंगाळले तर फाजील व्रणऊतक वाढविते, असा त्याचा उलगडा करता येतो. कंडरा हाडापासून सुटून पुन्हा हाडाला शिवली जाते तेव्हा तर पहिल्या काळाचे महत्त्व आणखी वाढते: न्यूयॉर्कमधील शल्यविशारदांनी 2006 साली उंदरांच्या खांद्यावर हा प्रयोग करून, दोन आठवडे इंडोमेथासिन किंवा सेलेकॉक्सिब दिलेल्या प्राण्यांत कंडरेची हाडाशी झालेली जोड कमजोर राहते, असे दाखविले.

हे वाचताना मला वारंवार सुश्रुताच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायाची आठवण होत राहिली. त्या अध्यायात व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था वर्णिल्या असून, त्या ओळखल्यावाचून शस्त्र चालविणाऱ्या वैद्याची कठोर निर्भर्त्सना केली आहे. सुश्रुतासमोर होता तो पिकणारा गळू, आणि प्रश्न होता तो शस्त्राचा. त्याला मूलपेशी किंवा प्रोस्टाग्लँडिन ठाऊक होते असा दावा करणे हे त्याच्यावर आणि सत्यावर सारखेच अन्यायकारक होय. परंतु शोथ ही एकजिनसी वस्तू नसून तिला अवस्था असतात आणि उपचाराचा विवेक अवस्थेच्या ज्ञानावर उभा असतो, हा त्याचा आग्रह मात्र आज उंदरांच्या टाचेवर पुन्हा एकदा खरा ठरला आहे.

मनुष्यावरील पुरावा तुलनेने थोडा आहे, पण जो आहे तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. कोपनहेगनमधील संशोधकांनी 36 किलोमीटर धावणाऱ्या तरुणांच्या गुडघ्याच्या कंडरेभोवतीचा द्रव सूक्ष्म नळीने तपासला; धावल्यानंतर कोलॅजेनची निर्मिती जी स्वाभाविकपणे वाढते ती इंडोमेथासिन घेतलेल्यांत वाढलीच नाही. शर्यतीच्या दिवशी, कोठे दुखत नसतानाही, केवळ प्रतिबंधक उपाय म्हणून गोळी घेऊन धावणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानी धरावे. श्रमाने कंडरेला मिळणारा लाभच ते बहुधा गमावून बसतात. दक्षिण कोरियात खांद्याच्या तुटलेल्या कंडरा दुर्बिणीने शिवल्यानंतर रुग्णांना तीन वेगवेगळी वेदनाशामके देऊन पुढे चित्रणाने तपासणी करण्यात आली, तेव्हा सेलेकॉक्सिब घेतलेल्या 30 पैकी 11 जणांची शिवलेली कंडरा पुन्हा फाटलेली आढळली. आयबुप्रोफेन घेतलेल्या 27 पैकी 2 आणि ट्रॅमाडॉल घेतलेल्या 25 पैकी 1 जणाच्या बाबतीत तसे झाले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेले हे आकडे लहान आहेत. तेवढ्यावर कायमचा निवाडा देता येणार नाही. पण सेलेकॉक्सिबच्या बाबतीत उंदरांच्या साक्षीशी त्यांचा मेळ बसतो, आणि ज्या रुग्णाने शस्त्रक्रियेचा त्रास व खर्च सोसला आहे त्याच्या बाबतीत संशयाचा फायदा औषधाला नव्हे, कंडरेला मिळाला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महिनोन्महिने चालणाऱ्या जुनाट दुखण्याची गोष्ट निराळी. येथे गोळी कंडरेचे नुकसान करते म्हणण्यापेक्षा तिला तेथे फारसे कामच उरलेले नसते. स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन यांनी अशा अकिलीस कंडरांत सूक्ष्म नळी घालून पाहिले तेव्हा ई-2 चे प्रमाण निरोगी माणसाहून वाढलेले आढळले नाही. रोगाचे स्वरूप दाहाचे कमी आणि तंतूंच्या विस्कळीतपणाचे अधिक होते. अलीकडे काही संशोधकांनी येथेही सौम्य दाहाच्या खुणा शोधल्या आहेत. पण व्यवहारापुरता निर्णय बदलावा असे त्यात काही नाही. त्याच आल्फ्रेडसन यांनी 1998 साली शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षेत असलेल्या 15 धावपटूंना पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम बारा आठवडे, रोज 180 वेळा करावयास लावला, आणि ते सर्व पुन्हा धावू लागले. पुढील परीक्षणांत सर्वांनाच इतके यश मिळाले नाही. पण मोजून दिलेला भार हाच कंडरेचा अव्वल उपचार, हे तत्त्व त्यातून जे प्रस्थापित झाले ते आजतागायत टिकून आहे. या उपचाराला गोळीची झटपट कीर्ती नाही. त्याला चिकाटी लागते, आणि आरंभी थोडे दुखणे सोसावे लागते.

एवढ्याने वेदना निमूट सोसाव्यात असा उपदेश मी करीत आहे, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. असह्य वेदनेने झोप उडालेल्या, हातपाय हलविता न येणाऱ्या रुग्णाला आराम देणे हा वैद्यकाचा धर्मच आहे. अल्पकाळ, योग्य मात्रेत घेतलेल्या दाहशामक गोळीने साध्या मुरगळीची वेदना कमी होते. आणि दाहाला फारसा स्पर्श न करता वेदना कमी करणारे पॅरासिटामॉल किंवा साधा बर्फाचा शेक पुष्कळदा पुरेसा ठरतो. माझा आक्षेप आहे तो अनभिज्ञतेने, मुदतीचा विचार न करता, आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या सेवनावर. आणि दुखणे दडपून त्याच दुखावलेल्या कंडरेवर दुसऱ्या दिवशी पूर्ण भार टाकण्याच्या घाईवर.

म्हणून वाचकांना एवढीच विनंती की, कंडरा दुखावली असता डॉक्टरांनी दाहशामक गोळी लिहून दिल्यास, ती कशासाठी व किती दिवसांसाठी आहे हे त्यांना अवश्य विचारावे. कंडरेची शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिल्या आठवड्यांत कोणते वेदनाशामक घ्यावयाचे हे शल्यविशारदांकडून ठरवून घ्यावे आणि घरात पडून असलेली पट्टी परस्पर उघडू नये. आणि ज्यांना हृदयविकारासाठी रोज अल्प मात्रेतील ऍस्पिरिन दिलेले आहे, त्यांनी हे पुस्तक वाचून ते स्वतःच्या मुखत्यारीने कदापि बंद करू नये. त्या गोळीचा हेतू वेगळा आहे, आणि तिच्याविषयीचा निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडेच राहू द्यावा.